तृतीया विभक्तीतले पणजोबा

खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, विळा, पहार, टिकाव आणि गेल्या काही वर्षांपासून मोटारसायकलची किल्ली अशी सगळी हत्यारं पाटावर मांडतात. त्या ओळीत शेवटी एक पदक असतं. जुन्या कलदार रुपयाहून थोडं मोठं, तांबूस पिवळं. वरच्या बाजूला पंख पसरून उभी असलेली एक बाई. आजी तिला 'बसऱ्याची देवी' म्हणायची. (बसरा म्हणजे इराकमधलं बंदर.) मामंजी बसऱ्याला गेलते, तितनं घिऊन आले, एवढाच तिच्या लेखी त्या देवीचा इतिहास. पंखवाली देवी आपल्यात नसते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने हळदकुंकू वाहायचं थांबवलं नसतं. घरचा माणूस समुद्रापार जाऊन जिवंत परत आला, त्याच्याबरोबर जे आलं ते पुजायचंच.

आठवीत असताना मी ते पदक उलटं करून मागची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचली. द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन, १९१४–१९१९. सिव्हिलायझेशन म्हणजे काय, असं वडिलांना विचारलं. ते जुने मॅट्रिक. जरा थांबून म्हणाले, "सुधारणा." जुन्या मराठीत खरोखरच तो शब्द त्या अर्थाने वापरायचे. चुलीपुढे बसलेल्या आजीला ते ऐकू गेलं. भाकरी उलटता उलटता तिने विचारलं, "कुनाची सुदारना?"

वडील काही बोलले नाहीत. मीही पदक डब्यात ठेवून खेळायला गेलो.

पुढे शाळेत तीस वर्षं मराठी शिकवली. 'रामाने बाणाने रावणाला मारले' हे वाक्य फळ्यावर लिहिलं नाही असं एकही वर्ष गेलं नसेल. या वाक्यात मुलं हमखास चुकतात. 'ने' दोन आहेत, दोन्ही तृतीयेचे. पण रामाने हा कर्ता आणि बाणाने हे करण, म्हणजे साधन. मारायचं ठरवलं रामाने. बाणाला कुणी विचारलं नव्हतं. 'ला'ची तर आणखीच गंमत. 'रावणाला मारले' यातला ला द्वितीयेचा आणि 'बिभीषणाला राज्य दिले' यातला चतुर्थीचा. मार खाणारा आणि दान घेणारा, दोघांनाही एकच प्रत्यय. कुठला कोणता हे कसं ओळखायचं, असं मुलं विचारतात. मी सांगायचो, क्रियापद बघा. सगळी गोम क्रियापदात असते.

आता हे वाक्य बघा. ११ मार्च १९१७ रोजी इंग्रज जनरल मॉडच्या फौजेने तुर्कांकडून बगदाद घेतलं. आठ दिवसांनी, १९ मार्चला, मॉडच्या नावाने शहरात एक जाहीरनामा लागला. आमच्या फौजा तुमच्या शहरांत आणि मुलखात जेते म्हणून किंवा शत्रू म्हणून आलेल्या नाहीत, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं. मंगोल हुलागूच्या काळापासून तुम्ही परक्यांचा जुलूम सोसत आलात, तुमचे वाडे ढासळले, बागा उजाड झाल्या, अशी बरीच अलंकारिक भाषा पुढे आहे. ती मॉडची नव्हे. तो सरळसोट शिपाईगडी होता. मजकूर लिहिला होता मार्क साइक्स या इंग्रज मुत्सद्द्याने. हाच साइक्स आदल्या वर्षी, मे १९१६ मध्ये, पिको नावाच्या फ्रेंच वकिलाशी गुपचूप करार करून त्याच मुलखाच्या नकाशावर वाटणीची रेघ ओढून बसला होता. म्हणजे जमीन वाटून झाल्यावर मालकाला कळवलं की तू सुटलास.

'आमच्या फौजा' यातल्या 'आमच्या'त कोण होतं? हिंदुस्थानातून गेलेले शिपाई होते, मोठ्या संख्येने. त्यांत आमचे पणजोबा होते. बगदाद त्यांनी घेतलं, असं म्हणायला व्याकरणाची काहीच हरकत नाही. 'त्यांनी' तृतीयाच आहे. फक्त ती रामाची तृतीया की बाणाची, एवढं विचारायचं.

त्यांनी तिथलं जे सांगितलं ते आजीकडून माझ्यापर्यंत आलं, त्यात मुक्ती वगैरे काही नाही. चिखल आहे. उन्हाळ्यात माती पिठासारखी उडायची आणि पावसात अशी चिकटायची की बूट मणाचे व्हायचे, खेचरं पोटापर्यंत रुतायची. खजुराची झाडं आहेत. 'कूट' नावाच्या गावाचं नाव आहे, आणि ते घेतलं की पणजोबा गप्प व्हायचे असं आजी सांगायची. कूट म्हणजे कुत-अल-अमारा. तिथे डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ च्या अखेरीस जी फौज उपाशीपोटी शरण गेली, तिचं नावच मुळी पूना डिव्हिजन. मराठ्यांच्या पलटणी तिच्यात होत्या. वेढ्यात घोड्याचं मांस खायची पाळी आली आणि कित्येक शिपायांनी ते नाकारलं. शरण गेलेल्यांतले हजारो जण पुढे तुर्कांच्या कैदेत, वाटचालीत मेले. पणजोबा नंतरच्या कुमकेत गेले म्हणून वाचले, आणि म्हणून मी हे लिहितोय.

सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत चावडीजवळ किंवा देवळाशेजारी एक दगड दिसतो. या गावातून एवढी माणसं महायुद्धावर गेली, त्यांतल्या एवढ्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. आमच्या गावातही आहे. लहानपणी आम्ही त्याला टेकून विटीदांडू खेळायचो. अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. ही सगळी माणसं नावानिशी कुठे आहेत म्हणून शोधायला गेलं की आणखी एक दगड आडवा येतो. बसऱ्याला १९२९ साली मोठं स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि त्याखाली आकडा आला. पुढे १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमावरून ते स्मारक उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेलं. मेल्यावरही माणसं बदलीवर.

मॉडचा जाहीरनामा निघाल्यावर दोनच आठवड्यांनी, २ एप्रिलला, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आपल्या संसदेत म्हणाले की लोकशाहीसाठी जग सुरक्षित केलं पाहिजे. पुढे त्याला 'स्वयंनिर्णय' हा शब्द जोडला गेला आणि जगभरच्या गुलाम देशांत त्या शब्दाने कान टवकारले. आपल्याकडे तो शब्द सर्वांत गांभीर्याने कुणी घेतला असेल तर टिळकांनी. टिळक भोळे नव्हते. जून १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डनने मुंबईत युद्ध परिषद भरवली, भरतीला मदत करा म्हणून. टिळक बोलायला उठले. राजनिष्ठेचं बोलून झालं आणि स्वराज्याचा विषय निघताच गव्हर्नरने त्यांना अडवलं. टिळक सभा सोडून निघून गेले. माणसं द्या, पण ती कशासाठी हे विचारू नका, असा तो व्यवहार होता. बाण तेवढे पुरवा.

१९१८ च्या अखेरीस दिल्ली काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं मुक्रर केली. टिळक तेव्हा चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिसला जायची परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना सविस्तर पत्र लिहिलं, विल्सनलाही लिहिलं. विल्सनच्या चिटणिसाचं उत्तर आलं: हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकारी विचारात घेतील. मला हे उत्तर फार ओळखीचं वाटतं. तहसील कचेरीत ज्याने एकदा तरी अर्ज दिला आहे त्यालाही वाटेल. परिषदेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी होतेच म्हणा: बिकानेरचे महाराज, लॉर्ड सिन्हा आणि खुद्द भारतमंत्री माँटेग्यू. तिकडे हे चाललेलं असताना इकडे मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा झाला आणि एप्रिलमध्ये जालियनवाला.

बगदादच्या मुक्तीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९२० मध्ये इराकचा कारभार राष्ट्रसंघाच्या नावाने इंग्रजांच्या हाती गेला, लोक उठले, आणि तो उठाव मोडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच फौजा नेल्या. मॉड स्वतः बगदाद घेतल्यावर आठ महिन्यांत पटकीने तिथेच गेला होता. इंग्रजांनी त्याचा घोड्यावरचा पुतळा आपल्या वकिलातीसमोर बसवला. १४ जुलै १९५८ ला राजवट उलथली तेव्हा जमावाने तो पाडला. ही तारीख लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

२००३ च्या फेब्रुवारीत आमच्या स्टाफरूममध्ये वर्गणी काढून टीव्ही आणला होता, वर्ल्ड कपसाठी. २० मार्चला त्याच टीव्हीवर बगदादवर पडणारे बॉम्ब दिसले आणि २३ ला ऑस्ट्रेलियाने आपल्याला १२५ धावांनी धुतलं. (ऑस्ट्रेलिया इराकच्या मोहिमेतही होता. आमच्या पीटीच्या सरांनी दोन्ही रागांचं एकच गाठोडं बांधलं होतं.) अमेरिकेच्या मोहिमेचं नाव ऑपरेशन इराकी फ्रीडम. फ्रान्सने विरोध केला म्हणून अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राईजचं नाव बदलून 'फ्रीडम फ्राईज' केलं. आम्ही हसलो. ज्यांनी ते घडवून आणलं त्यांत वॉल्टर जोन्स नावाचे खासदार होते. ते मरेपर्यंत त्या युद्धाला दिलेल्या मताचा पश्चात्ताप करत राहिले आणि मेलेल्या सैनिकांच्या घरी त्यांनी सह्या करून हजारो पत्रं पाठवली, हे मला फार नंतर कळलं. तेव्हापासून त्या बटाट्यावर पूर्वीसारखं हसू येत नाही.

आपल्या लोकसभेने ८ एप्रिलला एकमताने ठराव केला. त्यात हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत 'डिप्लोर', म्हणजे निंदेपेक्षा बरंच मवाळ, खेद वाटण्याच्या जवळचं. एकाच ठरावात दोन भाषांना दोन तोंडं. भाषा शिकवणाऱ्याला यातली कारागिरी कळते, आवडत नाही. दुसऱ्याच दिवशी रात्री जेवताना टीव्हीवर सद्दामचा पुतळा पडताना पाहिला. एका अमेरिकी सैनिकाने वर चढून पुतळ्याच्या तोंडावर अमेरिकेचा झेंडा टाकला. थोड्या वेळाने कुणाच्या तरी लक्षात आलं, तो काढून इराकचा आणला. झेंडा काढेपर्यंत तो जितका वेळ तिथे होता, तेवढ्यात सगळं सांगून झालं होतं. पुतळा लोकांच्या घणाने पडेना, शेवटी सैन्याच्या गाडीने साखळी लावून ओढला.

मग लुटालूट सुरू झाली. दवाखाने, कचेऱ्या, बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय. हजारो वस्तू गेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीचं वारकाचं दगडी भांडंसुद्धा (ते जूनमध्ये परत आलं, तुकड्यांत). ११ एप्रिलला अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांना, रम्सफेल्डना, पत्रकारांनी छेडलं तेव्हा ते म्हणाले की स्वातंत्र्य हे अस्ताव्यस्तच असतं, स्वतंत्र माणसांना चुका करायचं, गुन्हे करायचं स्वातंत्र्य असतं.

या वाक्याचा मला राग आला आणि पाठोपाठ अडचण झाली. कारण ते वाक्य आमच्या जिल्ह्यापुरतं अगदीच खोटं नाही. बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्यात जे झालं ते काही इस्त्रीचं नव्हतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायमंडळं चालवली, सावकारांना जरबेत ठेवलं, कमी खर्चात लग्नं लावली, तुफान सेना उभी केली. आणि खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्याही मारल्या. त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. त्यात एखाद्याने जुनं भाऊबंदकीचं भांडणही उरकून घेतलं नसेल असं छातीठोकपणे सांगणारा म्हातारा मला तरी भेटला नाही.

आमच्याच घरात काय होतं? पणजोबा पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. महिन्याच्या महिन्याला तालुक्याला जाऊन इंग्रज सरकारचं पेन्शन आणायचे. आणि त्यांचा मुलगा, माझे आजोबा, रात्री मळ्यात लपलेल्या भूमिगतांना भाकरी पोचवायचे. भाकरी आजी थापायची. पीठ पेन्शनच्या पैशाचं. पणजोबांना हे माहीत होतं का, असं मी आजीला एकदा विचारलं. ती म्हणाली, "भाकरी जादा हुत्यात ह्ये त्यास्नी दिसत नव्हतं व्हय? पन त्यास्नी कदी पिटाचा हिशोब इचारला न्हाई." बगदादला जाऊन आलेल्या माणसाने आपल्या घरात एवढंच केलं. विचारलं नाही. त्या वाक्यात ते पहिल्यांदा कर्ता होते असं मला वाटतं.

तर अस्ताव्यस्त आमचंही होतं. फरक एवढाच की पसारा आम्ही घातला होता आणि आवरायचाही आम्हालाच होता, अजून आवरतोय. रम्सफेल्डसाहेब दुसऱ्याच्या घराचं दार तोडून आत शिरले होते आणि सामान विस्कटलं तर म्हणत होते, घर म्हटलं की पसारा व्हायचाच.

त्यानंतरच्या वर्षभरात बगदादच्या लोकांना स्वातंत्र्याच्या पोटात काय काय असतं ते कळत गेलं. मे महिन्यात ब्रेमर नावाच्या अमेरिकी प्रशासकाच्या हुकमाने सद्दामच्या बाथ पक्षाची वरच्या फळीतली माणसं नोकऱ्यांतून गेली आणि सगळं सैन्य बरखास्त झालं. लाखो बंदूक चालवणारे एका सहीत बेकार. सप्टेंबरात परदेशी कंपन्यांना धंद्याची शंभर टक्के मालकी घ्यायला मोकळीक मिळाली, नैसर्गिक संपत्ती वगळून. १५ टक्क्यांचा सपाट कर आला. पुढच्या एप्रिलमध्ये नवा झेंडाही आला, पांढरा, खाली निळ्या पट्ट्या. लोकांना तो इस्रायलच्या झेंड्यासारखा दिसला, ते खवळले आणि तो बारगळला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. पाश्चात्त्य मूल्यं निर्यात करायची असं म्हणतात, तेव्हा मराठीत मूल्य म्हणजे किंमतही होते, हे आपल्याला भाषेनेच सांगून ठेवलं आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या पावसाळ्याचं. अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितलं. एक अख्खी डिव्हिजन, सतराएक हजार जवान, उत्तर इराकमध्ये बंदोबस्ताला. जूनभर वर्तमानपत्रांत चर्चा चालली: पाठवावं, पाठवू नये, अमेरिकेशी मैत्री, तेलाची कंत्राटं. दिल्लीत ती धोरणाची चर्चा होती. आमच्याकडे पेरण्या चालल्या होत्या आणि गावात घरटी एक तरी माणूस फौजेत.

एसटी स्टँडवर एक बाई भेटल्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, मराठा लाइट इन्फंट्रीत. डोक्यावर खताची रिकामी पोती घडी करून घेतलेली, पाऊस चुकवायला. मला बघून थांबल्या. "सर, पोरास्नी बसऱ्याला धाडत्यात म्हनं. खरं हाय का?" इराक म्हणाल्या नाहीत, बगदाद म्हणाल्या नाहीत. शंभर वर्षं होत आली तरी आमच्याकडे त्या मुलखाचं नाव बसराच आहे. अजून ठरलं नाही, असं मी म्हणालो. "तितं कुनाचं काय हाय?" त्यांनी विचारलं. आपल्या कुणाचं त्या जागी काय अडलंय, असा त्याचा अर्थ. माझ्या कानात आजीची भाकरी उलटली. कुनाची सुदारना? मी काहीतरी पुटपुटलो, त्यांची गाडी लागली, त्या चढल्या.

१४ जुलैला वाजपेयी सरकारने कळवलं की संयुक्त राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य पाठवता येणार नाही. १४ जुलै. दिल्लीत कुणी मॉडच्या पुतळ्याची आठवण काढून तारीख धरली नसणार, निव्वळ योगायोग. पण १९१७ चे पणजोबा आणि २००३ चा माझा विद्यार्थी यांच्यात एक गोष्ट बदलली होती. नाही म्हणणारं सरकार आपलं होतं. बाणाला कुणीतरी विचारलं होतं. निदान बाणाच्या आईने स्टँडवर विचारलेला प्रश्न कुठून तरी फिरत दिल्लीत पोचला होता, असं मानायला मला आवडतं.

पुढच्या वर्षी २८ जूनला ठरल्याच्या दोन दिवस आधीच इराकचा कारभार इराक्यांच्या हवाली करून ब्रेमर निघून गेला. बुश तेव्हा इस्तंबूलला नाटोच्या बैठकीत होते. त्यांच्या सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राईस यांची चिठ्ठी त्यांच्या हाती आली, इराक सार्वभौम झालं म्हणून. बुशनी तिच्यावरच पेनने लिहिलं: लेट फ्रीडम रेन. त्या चिठ्ठीचा फोटो छापून आला होता. अमेरिकेतलं मूळ वचन 'लेट फ्रीडम रिंग' आहे. मार्टिन ल्यूथर किंगच्या १९६३ च्या भाषणात ते पुन्हा पुन्हा येतं: स्वातंत्र्याची घंटा घणघणू दे. बुशनी रिंगचं रेन केलं: राज्य करू दे. मराठी कानाला तर रेन म्हटलं की पाऊसच ऐकू येतो, वरून पडणारा.

हे सगळं मी परवा पुतण्याला सांगत होतो. तो पुण्यात आयटीत आहे आणि मोबाइलवर जे येतं ते वाचतो. तो म्हणाला, "बघा ना काका, ही सगळी पाश्चात्त्यांची थोतांडं. स्वातंत्र्य, मानवाधिकार, लोकशाही. आपल्यावर लादलेली." तो माझ्याशी सहमत होत होता आणि मला कसंसंच झालं. गोष्ट सांगायला घेतली बगदादची आणि ती नको त्या दारात जाऊन उभी राहिली.

कटगुणचं नाव ऐकलंयस का, असं मी त्याला विचारलं. खटाव तालुक्यातलं, जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या भल्या लोकांना. त्यांनी गुलामांची सुटका केली म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावं म्हणून. फुल्यांकडे कुणी अमेरिकन जहाज ते मूल्य घेऊन आलं नव्हतं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस टॉमस पेन वाचतो, हजारो कोस दूरच्या यादवी युद्धातून आपल्याला हवं तेवढं उचलतो आणि इथल्या भटशाहीच्या तोंडावर धरतो. मिशनची शाळा इंग्रजी अमलाशिवाय आली असती का, हे लचांड आहेच, ते मी पुतण्यापासून लपवलं नाही. आणि आंबेडकर कोलंबियात शिकून आले, पण १९५४ मध्ये आकाशवाणीवर त्यांनी बजावलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतले आहेत. बाबासाहेबांनी 'घेतले' म्हटलं. क्रियापद बघ, मी पुतण्याला म्हणालो. घेणं आणि दिलं जाणं यांत जो फरक आहे तो पूर्व-पश्चिमेचा नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही सगळं व्याकरणात नेता." ते खरंच आहे.

मग त्याला शाईचं सांगितलं. २००४ मध्ये मला दोनदा इलेक्शन ड्यूटी लागली, लोकसभेला आणि विधानसभेला. दुसऱ्या वेळी शाईचं काम माझ्याकडे होतं. डाव्या तर्जनीच्या नखाच्या मुळाशी काडीने रेघ ओढायची. दिवसभरात शेकडो बोटं हातात घेतली. भेगाळलेली, चुन्याची, मेंदीची, एका सुताराचं अर्ध तुटलेलं. म्हाताऱ्या बायका बोट असं पुढे करायच्या जसं काही मी सुई टोचणार आहे. मग ३० जानेवारी २००५ ला इराकमध्ये निवडणूक झाली आणि टीव्हीवर जांभळी बोटं दिसू लागली. तिथे काडी नव्हती, बोट बाटलीतच बुडवायचं. त्या दिवशी केंद्रांवर हल्ले झाले, माणसं मेली, तरी रांगा होत्या. आतून रंगलेलं बोट घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे मारणाऱ्याला ओळख पटवत घरी जायचं. तरी ती माणसं बोट वर करून हसत होती. ते बघताना बुश, ब्रेमर, रम्सफेल्ड कुणीही डोक्यात नव्हतं. त्या बोटाचा मालक ज्याचा तोच होता.

तीन दिवसांनी बुशचं संसदेतलं वार्षिक भाषण झालं, तेव्हा त्यांच्या पक्षाचे कित्येक सदस्य आपापली बोटं जांभळी करून आले होते आणि कॅमेऱ्याला दाखवत होते. मी टीव्हीपुढे बसून नकळत त्यांची नखं बघत होतो. सवयीने. एकाही बोटाला रांगेत उभं राहावं लागलेलं नव्हतं.

यंदाही दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईने पदक घासायला माझ्याकडे दिलं. आमच्याकडे ते तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासतात. जाणकार सांगतात असं करू नये, पण आता शंभर वर्षं झालंय. उठावाची अक्षरं त्यामुळे झिजत चालली आहेत. अंगठ्याने चाचपलं तर 'ग्रेट वॉर' अजून लागतं, सिव्हिलायझेशनची मधली दोन-तीन अक्षरं सपाट झाली आहेत. कडेवरचा पलटणीचा नंबर आणि पणजोबांचं नाव मात्र ठोकून आत कोरलेलं आहे, ते तसंच आहे. त्या खोबणीत वर्षानुवर्षांची हळद बसली आहे. ती टाचणीने काढावी का, म्हणून मी आईला विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "कोयत्याला धार लावलीस का?"